माणसं बिझीच आहेत, काम अडकून पडलंय: मॅनेजमेंटला एक खुलं पत्र

आदरणीय मॅनेजमेंट,

पुढच्या क्वार्टरपासून सगळ्यांच्या लॅपटॉपवर ट्रॅकिंग सॉफ्टवेअर बसणार आणि त्यातून निघणारा अ‍ॅक्टिव्हिटी स्कोअर अप्रेजलमध्ये धरणार, असा मेल तुम्ही पाठवलात. हा स्कोअर म्हणजे माउस आणि कीबोर्ड किती हलला त्याचा आकडा. ट्रायल म्हणून आमच्या टीमवर ते आधीपासून चालूच आहे. मेलच्या शेवटी लिहिलंय की शंका असल्यास आपापल्या टीम लीडशी बोला. आमच्या टीमची लीड मीच आहे. लोक येतात, विचारतात, आणि जी गोष्ट मलाच पटलेली नाही ती त्यांच्या गळी कशी उतरवायची ते मला कळत नाहीये. मीटिंगमध्ये विषय काढला तर 'फीडबॅक नोट केलाय' एवढंच उत्तर मिळालं, लेखी कळवलं तरी तेच. म्हणून आता उघड लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण कुणाची बदनामी करायची नाहीये, आणि हे वाचताना बऱ्याच जणांना हे आपल्याच ऑफिसबद्दल चाललंय असं वाटेल याची मला खात्री आहे.

माझं यात काय अडलंय ते आधी सांगते. दर आठवड्याला मला एक यादी येते, टीममधल्या प्रत्येकाचा स्कोअर आणि तळाला असलेल्या तिघांशी 'बोलून घ्या' अशी सूचना. त्या तळाच्या तिघांत जवळपास दरवेळी एक नाव असतं, आमच्या सगळ्यात जुन्या पेमेंट मॉड्यूलची जिला खडान् खडा माहिती आहे त्या सीनियर डेव्हलपरचं. ती काम कशी करते ते मी रोज बघते. लॉग वाचते, कागदावर आकृत्या काढते, ज्युनियर अडला की आपली खुर्ची सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसते. एकदा एकाच व्यवहाराची दोनदा एंट्री पडत होती, कुणालाच कारण सापडत नव्हतं, तिने ते शोधून काढलं आणि शेवटी बदल केला तो जेमतेम चार-पाच ओळींचा. त्या आठवड्यात तिचा स्कोअर टीममध्ये सगळ्यात कमी होता. तिच्याशी मी काय 'बोलून घेऊ'? जास्त टाइप कर म्हणू? दुसरं नाव सपोर्ट बघणाऱ्या मुलाचं, तो तासन् तास क्लायंटशी फोनवर असतो, रागावलेल्या माणसाला शांत करत असतो आणि त्या वेळात त्याचा कीबोर्ड हलत नाही म्हणून सॉफ्टवेअर त्याला 'आयडल' दाखवतं. मला या लोकांच्या डोळ्यांत बघून बोलावं लागतं, आणि ती यादी हातात घेऊन बोलायला मी तयार नाही. हे पत्र लिहिण्याचं पहिलं कारण हेच.

आता मुद्द्यावर येते. एकेक करून लिहिते, काही लांबतील.

सगळ्यात आधी हा स्कोअर. टाउनहॉलमध्ये तुम्ही म्हणालात की जे मोजता येत नाही ते कंट्रोल करता येत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात हे वाक्य टॉम डीमार्को यांनी १९८२ मध्ये लिहिलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. पण त्याच डीमार्कोंनी २००९ मध्ये 'आयईईई सॉफ्टवेअर' या नियतकालिकात लेख लिहून आपल्याच जुन्या म्हणण्यावर शंका घेतली. त्यांचा मुद्दा असा होता की जे प्रोजेक्ट खरोखर मोलाचे असतात त्यात कडक कंट्रोलचं महत्त्व कमी असतं, आणि कंट्रोल फार महत्त्वाचा वाटायला लागला तर मुळात तो प्रोजेक्ट करण्यासारखा होता का हेच तपासायला हवं. १९८२ चं वाक्य तुमच्या स्लाइडवर आहे, २००९ चं कुठेच नाही.

मोजायला माझा विरोध नाही. पण माउस किती हलला, कोणती विंडो किती वेळ उघडी होती याने कामाचं काहीच मोजलं जात नाही, हातांची हालचाल तेवढी मोजली जाते. आणि एखाद्या आकड्यावर माणसाची पगारवाढ अवलंबून ठेवली की माणूस तो आकडा सांभाळायला लागतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलन धोरणाच्या संदर्भात हे सांगितलं होतं, की एखाद्या आकड्यावर नियंत्रण ठेवायला म्हणून दाब आणला की त्या आकड्याचा जो भरवसा वाटत होता तोच राहत नाही. आमच्याकडे ट्रायलच्या थोड्याच दिवसांत ते दिसायला लागलंय. लोक फोनवर बोलताना दुसऱ्या हाताने एखादं डॉक्युमेंट वर-खाली करत बसतात, चॅटवर विनाकारण मेसेज टाकतात, माउस आपोआप हलवत ठेवणारी छोटी यंत्रं ऑनलाइन राजरोस विकत मिळतात तीही एक-दोघांकडे आलीत. मी त्यांना दोष देणार नाही, ज्याची नोकरी त्या आकड्यावर टांगलेली आहे तो तो आकडा हलवणारच. पण शिकण्याची, विचार करण्याची आणि दुसऱ्याला मदत करण्याची जी सवय टीमला लागायला इतका काळ गेला ती या गडबडीत जातेय, आणि ती परत आणायला मला किती वेळ लागेल सांगता येत नाही.

अ‍ॅपलमधली एक गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असते. १९८२ च्या सुमारास 'लिसा' कॉम्प्युटरवर काम चालू असताना मॅनेजरांनी ठरवलं की प्रत्येक इंजिनियरने आठवड्याला कोडच्या किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून द्यायचं. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी नेमकं त्या आठवड्यात ग्राफिक्सचा एक भाग नव्याने लिहिला होता, तो आधीपेक्षा जवळपास सहापट वेगाने चालायला लागला आणि कोड साधारण २००० ओळींनी कमी झाला. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. आणखी काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो फॉर्म मागणं बंद झालं. त्या मॅनेजरांचं मला कौतुक वाटतं, कारण आपण मोजतोय ते चुकतंय हे दिसल्यावर ते थांबले. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' आणला होता, त्यात कंपनीला एकेका कर्मचाऱ्याच्या नावानिशी वापराची माहिती दिसत होती, टीका झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी त्यातून नावं काढून टाकली. इतक्या मोठ्या कंपनीला पाऊल मागे घेता आलं. मग आपल्याला का येऊ नये?

आता दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. हे सगळं सुरू झालं ते मागचं रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती क्लायंटला देणं, लेट झाल्यामुळे. क्लायंट भडकला, वरून दबाव आला, आणि निष्कर्ष निघाला की लोक पुरेसं काम करत नाहीत. हा निष्कर्ष कशावरून काढला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. मी त्या रिलीजमधल्या टिकेटांची, म्हणजे टूलमध्ये प्रत्येक कामाची जी नोंद असते तिची, हिस्ट्री उघडून बसले, तिथे सगळं असतंच, टिकेट कधी कोणाकडे गेलं, कधी कोणत्या स्टेटसला होतं. बहुतेक टिकेटांचा अर्ध्याहून जास्त काळ कुणीही त्यावर काम करत नसताना गेलाय. एक उदाहरण देते. रिफंडच्या स्क्रीनवर एक जास्तीची मंजुरी घालायची होती. कोड लिहायला दोन दिवस लागले. त्याआधी ते टिकेट डिझाइनच्या ओकेसाठी थांबलं, मग स्क्रीनवरच्या मजकुरासाठी लीगलकडे थांबलं, लीगलकडे कोण बघतं हेच नक्की नव्हतं म्हणून दोन ठिकाणी फिरून आलं, मग टेस्टिंगचं सर्व्हर दुसऱ्या टीमकडे होतं, मग डेमोच्या आठवड्यात काही बदलायचं नाही असा आदेश आला. दोन दिवसांचं काम कॅलेंडरवर सहा आठवडे पसरलं. या सहा आठवड्यांत त्या डेव्हलपरचा स्कोअर शंभर असता तरी ते टिकेट एक दिवसही आधी झालं नसतं.

घोडं पेंड खातंय ते इथे. माणसं रिकामी बसलेली नाहीत, काम कुणाच्या तरी टेबलावर बसून आहे, आणि ती बरीचशी टेबलं आमच्या वरच्या मजल्यावरची आहेत. हे मी रागाने म्हणत नाहीये, टिकेटांच्या तारखाच तसं दाखवतात. तुम्ही म्हणाल तेव्हा ती हिस्ट्री घेऊन तुमच्यासमोर बसायला मी तयार आहे. पण मोजणारं सॉफ्टवेअर बसवलंय आमच्या लॅपटॉपवर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय म्हणायचं याला?

यातलं गणित फार अवघड नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध केला, एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितकी कामं चालू असतात त्यांना काम संपण्याच्या वेगाने भागलं की एका कामाला सरासरी किती वेळ लागतो ते मिळतं. समजा टीम आठवड्याला ५ कामं संपवते आणि एका वेळी २० चालू आहेत, तर हातात घेतलेलं काम पूर्ण व्हायला सरासरी ४ आठवडे. तुम्ही आणखी २० सुरू करायला लावलीत, माणसं तीच, वेग तोच, तर आता ८ आठवडे. कुणीही आळस केलेला नाही, तरी सगळं दुप्पट लेट. चालू कामांची कार्डं लावलेल्या आमच्या बोर्डवर सध्या हेच आहे, आणि प्रत्येक कार्डावर 'अर्जंट' लिहिलंय. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी कानबान पद्धत उभी केली, तिचं एक मर्म असं की पुढच्या टप्प्याला हवं असेल तेव्हाच आणि तेवढंच बनवायचं, उगाच माल साठवून ठेवायचा नाही. आपण कानबानचा बोर्ड घेतला, रंगीत कार्डं घेतली आणि एका वेळी किती कामं चालू ठेवायची ती मर्यादा तेवढी घ्यायची सोडून दिली.

आणि एका माणसाचे तुकडे करणं थांबवा. रिसोर्स शीटवर माझ्या टीममधल्या एकाचे ४० टक्के एका प्रोजेक्टला, ३० दुसऱ्याला आणि ३० सपोर्टला असे लिहिलेत. बेरीज शंभर येते म्हणून शीट हिरवी दिसते. पण माणसाचं लक्ष असं कापून वाटता येत नाही. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे कच्चं होतं. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसात प्रत्यक्ष बसून निरीक्षणं केली, त्यात मध्येच तुटलेलं काम त्याच दिवशी पुन्हा हातात घेतलं गेलं तरी तोवर सरासरी साधारण २३ मिनिटं गेलेली असत, आणि मधल्या वेळात माणूस दुसऱ्याच कामांत असे. आता मला सांगा, तुमच्या 'फक्त दोन मिनिटं' वाल्या मेसेजची किंमत कोण भरतं?

शंभर टक्के बिझी ठेवण्याचा हट्टही याच जातीचा. रांगेच्या गणितात, अगदी साध्या एका खिडकीच्या रांगेचं गणित घेतलं आणि कामं आपल्या मर्जीने केव्हाही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त असतो असं धरलं, तर माणूस ८० टक्के व्यस्त असताना नव्या कामाला त्या कामाच्या सरासरी वेळेच्या ४ पट थांबावं लागतं, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट. रस्त्यावर गाड्या अगदी एकमेकींना चिकटल्या की रस्ता शंभर टक्के वापरात असतो आणि पुढे कुणीच सरकत नसतं, तसं चाललंय आपलं. मोकळा ठेवलेला थोडा वेळ वाया जातो असं समजू नका, अचानक आलेलं काम त्या मोकळ्या वेळातच बसतं.

लेट झालं की माणसं वाढवायची, हाही निर्णय मागच्या रिलीजमध्ये शेवटच्या टप्प्यात झाला. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रचंड प्रोजेक्टचा अनुभव घेऊन १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की लेट झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं घातली की तो अजून लेट होतो. ५ माणसांत आपसात बोलण्याच्या १० जोड्या होतात, १० माणसांत ४५ आणि १५ माणसांत १०५. नवीन आलेली मुलं हुशार होती, त्यांचा काही दोष नाही, पण त्यांना सगळं समजावून सांगायला माझे जुने लोक कामावरून उठले आणि हे शिकवणं अजून चालू असल्याने आता त्यांचे स्कोअरही पडताहेत. म्हणजे निर्णय तुमचा आणि शेरा त्यांच्या नावावर.

एस्टिमेटबद्दल. तुम्ही विचारता किती दिवस लागतील, आम्ही अंदाज सांगतो, दुसऱ्या दिवशी तो क्लायंटच्या प्लॅनमध्ये डेडलाइन म्हणून छापलेला असतो. कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की आपल्याच कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसं सहसा कमी करतात, आधीचा अनुभव उलटा असला तरीही. म्हणून अंदाज हा अंदाज म्हणूनच वापरायचा असतो. स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीच्या अधिकृत गाइडमध्येही २०११ ला स्प्रिंटमधल्या, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यातल्या, कामाच्या बाबतीत 'कमिटमेंट' (वचन) काढून तिथे 'फोरकास्ट' (अंदाज) केलं गेलं. आपल्याकडे मात्र स्प्रिंट संपली की दोन टीमचे स्टोरी पॉइंट शेजारी शेजारी लावून कोण पुढे ते बघतात. पॉइंट हे काम किती मोठं आहे ते सांगायचं प्रत्येक टीमचं आपलं आपलं माप आहे, दोन टीमची तुलना त्यावर होतच नाही. तुलना सुरू झाल्यापासून तीनचं काम पाचचं आणि पाचचं आठचं व्हायला लागलंय, ग्राफ चढतोय आणि रिलीज तिथेच आहे. स्टोरी पॉइंटच्या कल्पनेशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या रॉन जेफ्रीज यांनीच पुढे लिहिलं की ही कल्पना आपणच काढली असेल तर आता त्याचा खेद वाटतो. त्यांना हेच दिसलं असणार.

स्टँडअपवर फार लिहित नाही. ती रोजची १५ मिनिटांची आणि काम करणाऱ्यांची आपापसातली भेट असते, आज कुठे अडतंय आणि कोण कोणाला मदत करणार हे ठरवायला. आपली पाऊण तास चालते, त्यात तीन मॅनेजर ऐकायला असतात आणि प्रत्येकजण काल मी किती बिझी होतो ते सांगतो. आता संध्याकाळी अजून एक कॉल लावलाय, सकाळी सांगितलेलं झालं का ते विचारायला. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी मिळून अजाइल या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा जाहीरनामा केला, त्यात पहिलंच मूल्य आहे की प्रक्रिया आणि टूल यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोठा. आपल्या ऑफिसात अजाइलच्या नावाखाली नेमकं उलटं चाललंय.

रात्रीचं आणि सुट्टीचं काम. यावर मी चिडून लिहू शकते पण आकडेच देते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आणि आरोग्य बाजूला ठेवून नुसतं प्रॉडक्शन बघायचं म्हटलं तरी, स्टॅनफर्डचे जॉन पेन्कॅव्हेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांची जुनी आकडेवारी तपासली, त्यात आठवड्याला साधारण ५० तासांच्या पुढे दर तासाचं उत्पादन घसरत जातं आणि ७० तास काम केलेल्यांचं एकूण उत्पादन ५६ तासांवाल्यांपेक्षा फारसं जास्त निघत नाही. हे हाताने करायच्या कामाचं झालं, आम्ही तर रात्री अकराला पैशांच्या व्यवहाराचा कोड बदलतो. रात्री केलेल्या दुरुस्तीतून निघालेला बग सकाळी निस्तरायला परत तेच लोक बसतात, हा हिशोब कुठल्या डॅशबोर्डवर येतो? फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. त्यासाठी कायदाच यायला हवा असं काही नाही, एक मेल पुरतो, आणि असे मेल तुम्ही पाठवू शकता.

अजून एक, आणि हे बोलायला मला सगळ्यात जड जातं. आपल्याकडे वाईट बातमी वर पोचतच नाही. मागच्या रिलीजला धोका आहे हे टीमला महिनाभर आधी माहीत होतं. टीमच्या शीटवर लाल होतं, वरच्या रिपोर्टमध्ये पिवळं झालं, तुमच्यापर्यंत येईतो हिरवं झालं. का झालं, तर ज्याने आधी एकदा लाल दाखवलं होतं त्याला सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं उभं केलं होतं, ते सगळ्यांनी बघितलंय. संशोधक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, आणि त्यांना त्याचं कारण असं दिसलं की तिथे चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी हीच गोष्ट सविस्तर मांडली. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कुठलाही कामगार काही चुकीचं दिसलं तर दोरी ओढतो, त्याचा लीडर धावत येतो आणि प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून तिथे कुणी कामगाराला झापत नाही. आपल्याकडे दोरी आहे, पण ओढणाऱ्याचा हात धरला जातो, आणि आता त्यात स्कोअरची भर.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. क्लायंटचे फोन तुम्हाला येतात, घरून काम करणारी माणसं समोर दिसत नाहीत, बोर्डाला काहीतरी आकडा दाखवावा लागतो. आणि कामचुकार लोक कुठेच नसतात असंही मी म्हणणार नाही. पण असा माणूस कोण हे टीमला आणि लीडला सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. त्याच्याशी समोर बसून बोलणं हे माझं काम आहे, ते मी केलंय आणि यापुढेही करेन, त्यासाठी बाकी सगळ्यांच्या मानेवर कॅमेरा ठेवल्यासारखं करायची गरज नाही.

मागण्या साध्या आहेत.

अ‍ॅक्टिव्हिटी स्कोअर अप्रेजलमधून पूर्ण काढा, आणि ट्रायलमध्ये आमच्याबद्दल काय काय गोळा झालंय, ते कोण बघतं आणि कधी पुसलं जाणार हे लेखी सांगा. यावर मधला मार्ग मला दिसत नाही.

एका माणसाकडे एका वेळी जास्तीत जास्त दोन कामं, आणि प्रत्येक टीमच्या बोर्डवर चालू कामांची मर्यादा. नवीन अर्जंट काम द्यायचं असेल तर जरूर द्या, पण त्याच्या बदल्यात कोणतं थांबवायचं हे देणाऱ्यानेच त्याच मेलमध्ये लिहायचं. ते ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, म्हणून ती जबाबदारीही तुमचीच.

डिझाइन, लीगल, सिक्युरिटी, बजेट, जिथे जिथे मंजुरी लागते तिथे एका माणसाचं नाव आणि दोन कामाच्या दिवसांची मुदत. तो सुट्टीवर असेल तर दुसरं नाव. आणि मंजुरीत गेलेला वेळ रिलीजच्या रिपोर्टमध्ये वेगळा दाखवा, सगळ्यांना दिसेल असा.

एस्टिमेट रेंजमध्ये घ्या, इतक्या ते इतक्या आठवड्यांत, आणि क्लायंटला तारीख देण्याआधी टीमला विचारा. दोन टीमच्या पॉइंटची तुलना बंद. स्टँडअप टीमपुरती ठेवा, संध्याकाळचा कॉल रद्द करा, आणि रोज निदान तीन तास सलग असे द्या की त्यात कुठलीच मीटिंग लागणार नाही. कामाच्या वेळेनंतरच्या मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्याची ऑन-कॉल ड्यूटी आहे तो सोडून, आणि ऑन-कॉलवाल्याला त्याची बदली सुट्टी मिळालीच पाहिजे.

रिलीज लेट झालं की पहिला प्रश्न 'कोणामुळे' हा येऊ नये. काम कुठे किती दिवस थांबलं ते आधी टेबलावर ठेवा, मग हवी तेवढी चर्चा करू. धोका आधी सांगणाऱ्याला त्या मीटिंगमध्ये कुणीही आवाज चढवून बोलणार नाही, एवढा शब्द हवाय.

हे सगळं एकदम पूर्ण कंपनीत करा असंही माझं म्हणणं नाही. एक क्वार्टर आमच्या टीमवर करून बघा. मोजायचं ते मोजा, मीच सांगते काय मोजायचं: काम मागितल्यापासून क्लायंटच्या हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, महिन्यात किती वेळा रिलीज झालं, रिलीजनंतर किती वेळा काही मोडलं आणि ते दुरुस्त व्हायला किती वेळ लागला. सोबत टीममधल्या लोकांना नाव न लिहिता विचारा की त्यांना इथे काम करावंसं वाटतंय का. ज्या आठवड्यात आकडे वाईट येतील त्या आठवड्याचेही मी तुमच्यासमोर ठेवेन, लपवणार नाही.

पुढच्या ऑल-हँड्सच्या, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मीटिंगच्या, आधी या मागण्यांवर लेखी उत्तर हवंय, प्रत्येक मागणीसमोर हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारण. तोपर्यंत खालच्या तिघांची यादी माझ्याकडे पाठवू नका, त्या यादीवरून मी माझ्या टीममधल्या कुणाशीही बोलणार नाही.

आपली,
एक टीम लीड